ग्रिट्स शिजला की शिजल्या?

अटलांटाला राहणाऱ्या एका वाचक भगिनी अमेरिकेच्या दक्षिणेतला 'श्रिम्प अँड ग्रिट्स' हा पदार्थ घरी नेहमी करतात. त्याची कृती मराठीत लिहिताना 'ग्रिट्स'ला, म्हणजे मक्याच्या जाडसर भरडीला आणि ती शिजवून होणाऱ्या पदार्थाला, काय म्हणावे, तो शब्द एकवचनी धरावा की अनेकवचनी, आणि 'श्रिम्प' म्हणजे कोळंबी की जवळा, असे त्यांनी विचारले आहे. जाता जाता 'घरी मक्याच्या ग्रिट्स नसतील तर काय वापरावे' हेही विचारले आहे, पण तो पाकशास्त्राचा प्रश्न असल्यामुळे त्याकडे सवडीने वळू.

श्रिम्पचा निकाल झटपट लावता येतो. जवळा इतका बारीक असतो की तो सोलण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचा श्रिम्प सोलून, धागा काढून, पुष्कळदा शेपूट तशीच ठेवून शिजवतात, तेव्हा ती कोळंबीच. मालवणी वाचकांनी खुशाल सुंगटे म्हणावे. पाककृतींच्या चित्रफितींत हल्ली जो 'झिंगा' बोकाळला आहे तो मात्र हिंदीतून आलेला पाहुणा आहे आणि कोळंबी घरात असताना त्याला पाट मांडण्याचे कारण नाही. इंग्रजी 'श्रिम्प' शब्दाच्या मुळाशी आकसणे, सुरकुतणे हा अर्थ आहे, आणि तो कढईत प्रत्यक्ष पाहता येतो: कोळंबी गुलाबी होऊन सैलसर वळली की उतरवावी, दोन-तीन मिनिटे पुरतात; घट्ट वेटोळे होईपर्यंत ठेवली तर ती रबरासारखी चिवट होते.

आता मुख्य तक्रार. ग्रिट्सला 'मक्याचा उपमा' म्हणण्याची जी टूम निघाली आहे ती ऐकली की तळपायाची आग मस्तकात जाते. उपम्यात रवा आधी भाजतात, फोडणी असते, पाणी बेताचे असते आणि पदार्थ शेवटी मोकळा व्हावा अशी अपेक्षा असते. ग्रिट्स भाजत नाहीत, त्यांना फोडणी नसते, वाटीभर ग्रिट्सला चार-पाच वाट्या पाणी लागते, आणि जात्याच्या दगडावर भरडलेल्या असतील तर मंद आचेवर पाऊण तास ते तासभर ढवळत राहावे लागते. मग त्या पळीतून सावकाश ओघळतील इतक्या सैल उतरतात. दोहोंत साम्य एवढेच, की दोन्ही सकाळी खातात. 'मक्याचा रवा' हे नाव त्याहून बरे, पण रवा म्हटल्यावर मराठी डोळ्यांपुढे जे बारीक, एकसारखे दाणे येतात तसे ग्रिट्सचे दाणे नसतात. ते लहानमोठे, ओबडधोबड असतात आणि पदार्थाची सारी गोडी त्या ओबडधोबडपणात असते.

दुसरा घोळ शब्दकोश चाळणाऱ्यांचा आहे. 'ग्रिट' म्हणजे वाळू, खडे, किंवा जिद्द, असे कोशात सापडते. लगेच ग्रिट्सचे नाव 'वाळूसारखे म्हणून' पडले, अशी व्युत्पत्ती ठोकून दिली जाते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते: वाळूसाठी 'ग्रेओट', आणि भरडलेल्या धान्यासाठी 'ग्रुट्टा'. जर्मन भाषेतले 'ग्र्युत्से' आणि इंग्रजीतले 'ग्रोट्स' हे या दुसऱ्याचे सगेसोयरे. घासणे-भरडणे या अर्थाच्या एखाद्या अतिप्राचीन धातूपाशी दोन्ही घराणी एक होत असतीलही, पण चुलत्याला बाप म्हणण्यासारखी ती व्युत्पत्ती आहे.

भरडलेले जाडसर धान्य, आणि ते शिजवून होणारा पदार्थ, या दोहोंना एकच अनेकवचनी नाव असलेला शब्द मराठीत शतकानुशतके आहे, आणि तो कोणाला सुचत कसा नाही याचे मला नवल वाटते. तो शब्द म्हणजे 'कण्या'. ज्वारी पाण्याचा हात लावून भरडायची, पाखडायची, मिठाच्या पाण्यात शिजवायची आणि ताकाबरोबर ओरपायची, हा पदार्थ आपल्या आज्यांना ठाऊक होता. चांगल्या ग्रिट्स पाण्यात घातल्या की त्यांचाही कोंडा तरंगून वर येतो आणि तो झाऱ्याने अलगद काढून टाकावा लागतो. तेव्हा ज्वारीच्या जागी मका, ताकाच्या जागी लोणी आणि चेडर चीज, एवढाच काय तो फरक.

'कणी' संस्कृत 'कण'पासून आली आणि 'कणीक' तिचीच बहीण, हे सांगायला नको. सांगायचे आहे ते कणादाविषयी. वैशेषिक दर्शनाच्या या प्रणेत्याच्या नावाची फोड 'कण' अधिक 'अद्', म्हणजे कण खाणारा, अशी होते. कणभक्ष आणि कणभुक् ही त्याचीच नावे. विद्वानांपैकी काहींचे म्हणणे असे, की त्याने परमाणूंचा सिद्धांत मांडला म्हणून त्याला हे नाव पडले. या विद्वानांनी वैशेषिकांची परिभाषा तरी पाहावी. तेथे परमाणूसाठी 'अणु' हा शब्द आहे. नाव सिद्धांतावरून पडायचे असते तर ते 'अणुभुक्' पडले असते. शेतात पडलेले दाणे वेचून तो खात असे, ही परंपरेतली कथा मला अधिक पटते, आणि तिच्यापुढे जाऊन माझे मत असे, की कण म्हणजे येथे कण्याच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापानाचे एक प्रायश्चित्त सांगितले आहे: वर्षभर रात्री एकदाच कण किंवा पेंड खाऊन राहावे. पेंडीच्या पंक्तीला बसलेला हा 'कण' अख्खा सकस दाणा असणार नाही, तो सडताना-कुटताना निघालेला तुकडाच असणार. म्हणजे कणाद हा तत्त्वज्ञांमधला पहिला कण्या खाणारा. यावर कोणी पुरावा मागेल. त्याने आधी परमाणू खाऊन दाखवावेत.

कण्यांचे मराठीतले खरे मानाचे पान विदुराघरी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण दुर्योधनाचे आमंत्रण नाकारून विदुराकडे जेवतो, तेथे शुद्ध आणि उत्तम अन्नपान एवढाच उल्लेख आहे. हिंदी भक्तिपरंपरेने त्या ताटात साग वाढला. मराठी परंपरेने कण्या वाढल्या, आणि 'विदुराघरच्या कण्या' हा शब्दप्रयोग रुळला तो गरिबाघरच्या, पण जिव्हाळ्याच्या अन्नासाठी. श्रिम्प अँड ग्रिट्सची जन्मकथा याहून निराळी नाही. मका भरडून शिजवण्याची रीत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहराच्या आसपासच्या खाड्यांतली कोळंबी पकडणारे आणि ती रांधणारे हात बव्हंशी गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांचे आणि त्यांच्या गुल्ला-गीची वंशजांचे. कोळ्यांच्या न्याहारीचा हा पदार्थ. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल येथे 'क्रूक्स कॉर्नर' या उपाहारगृहात बिल नील यांनी तो बेकन, आळिंबी, पातीचा कांदा, लसूण आणि लिंबू घालून सजवला, आणि 1985 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांनी त्याविषयी लिहिल्यावर तो देशभरच्या उंची उपाहारगृहांत पोहोचला. विदुराघरच्या कण्या दुर्योधनाच्या पंक्तीला गेल्या त्या अशा.

आता वचनाकडे. परभाषेतली अनेकवचने मराठीत आली की एकवचनी होतात, असा नियम व्याकरणाची आवड असलेले काही स्नेही हिरिरीने सांगतात. मग आपण 'नोट्स काढल्या' आणि 'मार्क्स मिळाले' असे का म्हणतो? माझा सिद्धांत वेगळा आहे: जिभेला दाणा सुटा लागतो तोवर मराठी अनेकवचन सोडत नाही, आणि दाणा विरघळला की एकवचनावर येते. पोहे खाल्ले, लाह्या फुटल्या, शेवया शिजल्या, कण्या उकडल्या. उलट सांजा झाला, घाटा आटला, खीर झाली. तांदूळ धुतले जातात आणि भात शिजतो. साबुदाणा भिजला, हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकले जाईल याची कल्पना आहे. परंतु ज्याच्या अंगात 'दाणा' हे एकवचन जन्मतःच शिवलेले आहे त्याची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. अमेरिकेतही ग्रिट्सला एकवचनी क्रियापद लावावे की अनेकवचनी यावर घरोघरी वाद आहे. खुद्द चार्ल्सटनमध्ये मात्र माझ्या सिद्धांताला सरळ खो मिळतो, कारण तेथील जुनी मंडळी कोरड्या भरडीला 'ग्रिस्ट' आणि शिजलेल्या पदार्थाला 'हॉमिनी' म्हणत, आणि दोन्ही शब्द एकवचनी. हॉमिनी हा व्हर्जिनियाच्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँकिन भाषेतून आलेला शब्द इतरत्र राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात सोलून काढलेल्या अख्ख्या मक्यासाठी वापरतात. त्यामुळे 'ग्रिट्स म्हणजे दळलेली हॉमिनी' हे सरसकट विधान करणाऱ्यांनी आपण कोणत्या गावची हॉमिनी म्हणतो आहोत ते आधी सांगावे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ग्रिट्सना ते क्षारपाणी लागलेलेच नसते.

तेव्हा कृतीचे नाव 'कोळंबी आणि मक्याच्या कण्या' असे लिहावे, आणि क्रियापदे स्त्रीलिंगी अनेकवचनी ठेवावीत: कण्या शिजल्या, सैल झाल्या, तळाला लागल्या. मूळ शब्दच ठेवायचा असेल तर 'ग्रिट्स शिजल्या' म्हणावे. 'ग्रिट्स शिजला' हे 'पोहे भिजला' इतकेच कानाला टोचते.

राहिला मक्याच्या कण्यांऐवजी काय वापरावे हा प्रश्न. तांदळाची कणी बेलाशक वापरावी, ती पदरची तडजोड ठरणार नाही: कॅरोलायनाच्या भातगिरण्यांत फुटलेल्या तांदळाला 'मिडलिन्स' किंवा 'राइस ग्रिट्स' म्हणतात, आणि त्या किनाऱ्यावर ती कणीही कोळंबीबरोबर खाल्ली जाते. पाकिटातल्या इन्स्टंट ग्रिट्स मात्र आधीच शिजवून वाळवलेल्या असतात आणि उकळते पाणी ओतताच त्यांची खळ होते. त्यांना कण्या म्हणू नये. माझ्या सिद्धांताप्रमाणे त्यांना अनेकवचनही शोभत नाही.