साहेबांचं पथ्य आणि मुलांच्या ताटातलं अंडं

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुना संताप पुन्हा वर आला. तुमच्या शाळेत तपासणीला आलेले साहेब पालकसभेत म्हणाले, 'मी अंडं सोडल्यापासून तब्येत ठणठणीत आहे, मुलांना कशाला सवय लावता?' आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांच्या ताटात केळं. आमच्या शाळेत २०२४ मध्ये हेच झालं. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवर होतो.

शालेय पोषण आहाराची योजना कशी चालते ते तुम्हाला माहीत असेलच, ते सांगत बसत नाही. पण शाळेत अंडं द्यायच्या नोव्हेंबर २०२३च्या शासन निर्णयातच अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा स्थानिक फळ द्यायची सोय होती. म्हणजे ज्यांना नको त्यांची काळजी आधीच घेतलेली होती. साहेबांच्या बोलण्याने बंद झालं ते ज्यांना हवं होतं त्यांचं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम एक. पहिली ते पाचवीच्या पोषण आहारात रोजची १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत, त्यावरून फरक किती ते बघा.

आम्हाला सगळ्यात जास्त भोवलं ते वरचं कार्यालय. लेखी आदेश मागितला की उत्तर ठरलेलं: 'आदेश कुठे दिलाय? साहेबांनी फक्त सल्ला दिला.' मग अंडी पुन्हा सुरू करतो म्हटलं की, 'बघा बुवा, साहेबांना आवडणार नाही.' शेरेबुक, म्हणजे तपासणी करणारे शेरा लिहितात ती वही, उघडून पाहिलं तर त्या तारखेला एकच ओळ, 'स्वयंपाकगृह स्वच्छ, आहार समाधानकारक', खाली सही. अंड्याचं अक्षरही नाही. मुख्याध्यापक बिचारे घाबरलेले, आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायकांना पुढच्या बिलाची धास्ती. वर्ष असंच गेलं.

माझं मत स्पष्ट आहे. अधिकाऱ्याने घरी काय खावं, काय सोडावं, हा त्याचा प्रश्न. मित्रांना खुशाल सांगावं. पण तपासणीच्या खुर्चीतून सांगितलं की समोरच्याला तो हुकूमच वाटतो, कारण बिल आणि शेरा त्याच्याच हातात असतो. मीठ-तेल कमी करा असं आरोग्य खातं सांगतं, ते वेगळं. त्यामागे अभ्यास असतो आणि ते सगळ्यांना उघडपणे, लेखी सांगितलेलं असतं. मांसाहाराचं कौतुक करणारा साहेब आला असता तरी मी हेच म्हटलं असतं. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात लोकांचं पोषणमान उंचावणं हे राज्याचं कर्तव्य म्हटलंय. त्यात साहेबांची पथ्यं येत नाहीत.

मी वकील नाही, आणि जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत वेगळी असते, तेवढं धरून चाला. जानेवारी २०२५मध्ये अंड्यांचा सरकारी निधी बंद झाला आणि तुमच्याकडे ती लोकवर्गणीतून चालली होती असं तुम्ही लिहिलंय. मग तर तोंडी सूचनेवरून थांबायचं काहीच कारण नाही. समितीत पंचाहत्तर टक्के पालकच असतात. बैठक बोलवा, ठराव इतिवृत्तात घ्या, कोणाला अंडं आणि कोणाला फळ याची पालकांच्या सह्यांची यादी जोडा. सोबत माहिती अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, 'अंडी बंद करण्याच्या आदेशाची प्रत' मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या पोचवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, नाहीतर नंतर अर्ज आलाच नाही म्हणतात.