किंग ऑलिव्हरच्या १९२३च्या तबकड्या: काय ऐकायचं, काय कर्ण्याने खाल्लं

तुमची अडचण अशी की किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाच्या (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) क्रेओल जॅझ बँडच्या १९२३च्या तबकड्यांवरून केलेल्या फायलींत ड्रम ऐकूच येत नाहीत, सगळे दबून वाजवताहेत असं वाटतं, आणि एकाच गाण्याच्या दोन फायली वेगवेगळ्या पट्टीत निघाल्या. हे लोक खरंच असं वाजवायचे का?

नाही. शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये लोक ज्या बँडवर नाचत होते, त्यातला एक भागच तबकडीवर उतरलाय.

५ आणि ६ एप्रिल १९२३ला हा बँड जेनेटसाठी ध्वनिमुद्रण करायला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेला. जेनेट हे स्टार पियानो कंपनीचं रेकॉर्ड लेबल. त्यांचा स्टुडिओ कारखान्याच्या आवारात, रेल्वेच्या रुळांजवळ होता, त्यामुळे गाडी आली की मुद्रण थांबवावं लागायचं. मायक्रोफोन नव्हताच. समोर एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि ती सुई फिरत्या मेणावर थेट चर कोरायची. आवाज वाढवण्याची सोय नाही, वादकाच्या फुंकरीत जेवढा जोर तेवढंच कोरलं जाणार. खर्जाचा बराचसा भाग त्यात जायचा आणि झांजांची वरची किणकिणही जायची.

म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्सला मोठा ड्रम वापरता आला नाही. त्याच्या दणक्याने सुई उडायची. तुम्हाला जी टकटक ऐकू येते ती त्याच्या लाकडी ठोकळ्यांची. बिल जॉन्सन मुळात बास (उभं, मोठं खर्जाचं तंतुवाद्य) वाजवणारा, तो इथे बँजो घेऊन बसला. लुई आर्मस्ट्राँग तेव्हा २१ वर्षांचा, दुसऱ्या कॉर्नेटवर. त्याचा आवाज इतका भरदार होता की त्याला बाकीच्यांपासून बराच मागे उभं केलं, असं पियानोवादक लिल हार्डिन सांगायची. म्हणजे दोन कॉर्नेटमधला तुम्ही ऐकता तो तोल स्टुडिओने ठरवलेला आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ‘आर्मस्ट्राँग इथे अजून बुजरा आहे’ असं अनेकजण या तबकड्यांवरून ठरवून टाकतात.

आता काय ऐकायचं. ‘स्नेक रॅग’ लावा आणि बाकी सगळे थांबतात त्या जागांवर लक्ष ठेवा. त्या दोन मात्रांच्या खिडक्यांत दोन्ही कॉर्नेट एकदम, वेगवेगळ्या स्वरांवर, एकाच वळणाने धावतात. श्रोत्यांना ते जागच्या जागी सुचल्यासारखं वाटायचं. खरं तर ऑलिव्हर पुढची जागा थोडी आधी सूचित करायचा आणि आर्मस्ट्राँग तिला जोड शोधायचा. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँगचा पहिला मुद्रित एकल तुकडा आहे. आणि ‘डिपर माउथ ब्लूज’! जॉनी डॉड्सच्या क्लॅरिनेटनंतर ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडावर म्यूट (आवाज दाबायचं झाकण) लावून तीन आवर्तनं वाजवतो. स्वर फारच थोडे, पण प्रत्येकाचं तोंड तो उघडतो आणि मिटतो, अगदी माणूस बोलल्यासारखं. हेच गाणं त्यांनी जूनमध्ये ओके (OKeh) या दुसऱ्या रेकॉर्ड लेबलसाठी पुन्हा वाजवलं. दोन्ही लागोपाठ ऐका, वाजवण्याची ढबच बदललेली जाणवेल. (आर्मस्ट्राँगची ही वाट पुढे गोव्याच्या आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट यांनी मुंबईत धरली. ते सी. रामचंद्रांकडे वाजवत, त्यामुळे काही वळणं तुमच्या कानाला ओळखीची लागतील.)

कर्ण्याने काय खाल्लं हे एका फटक्यात कळायला पॉल व्हाइटमनचा वाद्यवृंद आणि स्वतः संगीतकार गर्श्विन पियानोवर, अशी ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ची दोन मुद्रणं ऐका: १९२४चं कर्ण्यातलं आणि १९२७चं विजेवरचं. मधे १९२५मध्ये व्हिक्टर आणि कोलंबियाने मायक्रोफोन आणला. मग बासही तबकडीवर आला. जीन गोल्डकेटच्या वाद्यवृंदाच्या ‘माय प्रिटी गर्ल’मध्ये (१९२७) स्टीव्ह ब्राऊनच्या बासवरचे फटकारे ऐकले की नाचणाऱ्यांचे पाय कशावर पडत होते ते समजतं.

पट्टीचा घोळ वेगाचा आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या हा आकडा नंतर पक्का झाला. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्या मिनिटाला ७४पासून ८२ फेऱ्यांपर्यंत कशाही निघतात, आणि चार-पाच फेऱ्यांच्या फरकाने गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतं. घरी पेटी असेल तर लावून बघा. या बँडना बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ सोयीचे, म्हणजे काळी पाच, काळी दोन, पांढरी चार. गाणं पांढरी सातवर येत असेल तर वेगावर संशय घ्या आणि फाइल थोडी हळू करा.

तुमच्याकडे खऱ्या तबकड्याही असतील, तर त्या स्पिरिटने कधीही पुसू नका. सुतार ज्या लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवतात, तीच लाख तबकडीत असते, आणि ती बहुतांशी आपल्याकडूनच जायची. तिच्यात दगडाची पूड मिसळलेली असते, बरीचशी खरखर त्या पुडीचीच. एल.पी.ची सुईही नको. ती चराच्या तळाशी घासत जाते. ७८च्या तबकड्यांसाठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते.

फायली निवडताना खरखर पूर्ण पुसलेली प्रत टाळा, तिच्यात कॉर्नेटची धारही पुसली जाते. जुन्या तबकड्यांचा आवाज सुधारणारे तंत्रज्ञ जॉन आर. टी. डेव्हिस यांनी उतरवलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. १९२३ची ही मुद्रणं १ जानेवारी २०२४पासून अमेरिकेत हक्कमुक्त आहेत, त्यामुळे बरीच उपलब्ध आहेत. याच बँडची ‘झुलूज बॉल’ मात्र कशीही मिळाली तरी झिजलेलीच ऐकू येईल. त्या तबकडीची एकच प्रत ज्ञात आहे, तेव्हा तिच्यासाठी चांगली फाइल शोधत बसू नका.