पानं गेली तरी आधी खोड बघा

प्रश्न : महिन्यापूर्वी माशांच्या टाकीसाठी ब्युसेफलँड्राचं रोप आणलं. वाळूत नीट खोचून लावलं, द्रवखतही सुरू केलं. दहा दिवसांत पानं काचेसारखी होऊन विरघळली. रोप मेलं का? (पुणे)

उत्तर : रोप उपटून हातात घ्या. पानांच्या बुडाशी हळकुंडासारखं आडवं खोड दिसेल, ते बोटांनी दाबा. टणक लागलं तर रोप जिवंत आहे. मऊ पडून कुजका वास येत असेल, तर धारदार ब्लेडने चकत्या काढत जा, काप घट्ट आणि स्वच्छ दिसेपर्यंत. दोन सेंटिमीटरचा निरोगी तुकडा उरला तरी त्याला डोळे फुटू शकतात.

अळूच्या कुळातली ही वनस्पती फक्त बोर्निओ बेटावरची. तिथे ती ओढ्यानद्यांच्या खडकांना मुळांनी धरून वाढते. पूर आला की पाण्याखाली, ओसरला की उघड्यावर. रोपवाटिकांत ती बहुधा दमट हवेत वाढवतात. हवेतल्या पानाला पाण्याखाली कार्बन डायऑक्साइड पुरेसा घेता येत नाही, म्हणून झाड ते पान टाकून देतं आणि पाण्याला साजेसं नवं काढतं. तेवढी पानगळ गृहीतच धरा.

चूक झाली ती खोचण्यात. वाळूखाली खोडाला हवा मिळत नाही आणि ते सडतं. खोड दगडावर किंवा लाकडावर सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर सायनोअॅक्रिलेटच्या (म्हणजे सुपरग्लूच्या) जेलचा मुगाएवढा थेंब लावून चिकटवा. गोंद मुळांना लागू दे, कोंबाला नको. खत तूर्त बंद ठेवा. पानंच नसताना ते शेवाळाच्या पोटात जातं. दिवा मंद, रोज सहा तास. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढूनच. पहिलं पान यायला सहा-आठ आठवडेही लागतात. तोवर रोप हलवू नका, ही कळकळीची विनंती.

पाणी २२ ते २६ अंशांत हवं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. आटलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने करा. क्षार टाकीतच राहिलेले असतात, बोअरच्या पाण्याने ते वाढतच जातात.

पुढच्या वेळी टिश्यू कल्चरचंच, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतल्या जेलवर वाढवलेलं, रोप मागा. बोर्निओच्या खडकांवरून खरवडून आणलेली रोपंही बाजारात येतात, आणि काही जाती अगदी थोड्या ओढ्यांपुरत्याच आहेत.

प्रश्न : टिश्यू कल्चरची रोपं झाकणाच्या काचेच्या बरणीत लावली. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आली. (नाशिक)

उत्तर : मुळांना जेल राहिलं असणार. त्यात साखर असते, बुरशीला आयतं खाद्य. रोपं काढून कोमट पाण्यात मुळांचा गुंता सोडवत, बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा. बुरशी लागलेली पानं कापून टाका. बरणीही धुवून तळाशी दोन सेंटिमीटर खडी, तिच्या निम्म्यापर्यंत पाणी, वर भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारी शेवाळासारखी वनस्पती), आणि रोप त्या मॉसवर नुसतं टेकवलेलं. झाकण रोज दहा मिनिटं उघडा. उन्हाची तिरीपही नको. बंद काचेत रोप अक्षरशः उकडतं.