अनुदानाचा अर्ज पाठवण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. वस्तीतली भाजीची बाग, शनिवारचा शेतकरी बाजार आणि मातीतल्या शिशाची तपासणी हे तिन्ही तू एकाच अर्जात घेतलंस ते उत्तम केलंस. अमेरिकेत १९३०च्या दशकात ज्या वस्त्यांवर कर्जासाठी धोक्याच्या म्हणून नकाशात लाल रंग फासला गेला, तिथे घरकर्ज मिळेना. पुढे त्यांतल्या अनेकांच्या उशाशी महामार्ग आणि कारखाने आले. आज अशाच कितीतरी ठिकाणी चालत जाऊन ताजी भाजी मिळत नाही. हा भाग तू मनापासून लिहिला आहेस, तिथे हात लावू नकोस. मला बोलायचंय ते पैशाबद्दल.

अनुदान मंजूर झालं म्हणजे पैसे खात्यात आले, असं धरून चालू नकोस. बऱ्याच योजनांत आधी आपण खर्च करायचा, पावत्या जोडायच्या आणि मग परतफेड मिळते. शेतकरी पालकाच्या जुड्या उतरवून गेला की त्याला पैसे लगेच हवे असतात, आणि ते त्याला मिळालेच पाहिजेत. मधल्या काळात हे पैसे कुठून येणार, हे तुझ्या बजेटमध्ये कुठेच दिसत नाही. अर्जाआधी पतपेढीशी किंवा एखाद्या मोठ्या संस्थेशी बोलून ती सोय कर.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या लोकल फूड प्रमोशन प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्थानिक अन्नाच्या विक्रीला हातभार लावणाऱ्या योजनेत, अनुदानाच्या २५ टक्के इतका वाटा आपल्याला उभा करावा लागतो. तो सगळा रोखीतच हवा असं नाही, स्वयंसेवकांचे तासही धरता येतात. मात्र त्यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेव: तारीख, काम, तास, सही. वर्षाअखेरीस आठवून भरलेली वही तपासणीत टिकत नाही. आणि सॅम डॉट गव्हवरची, म्हणजे अनुदानासाठी लागणारी केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरची, नोंदणी आजच सुरू कर. संस्थेचं नाव-पत्ता सगळ्या कागदांवर तंतोतंत जुळला नाही तर त्यातच आठवडे जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करारातलं अनुदान रद्द करण्याचं कलम वाच, मग पुन्हा वाच. २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट या अमेरिकी कायद्यात पर्यावरणीय न्यायासाठी, म्हणजे प्रदूषणाचा भार ज्यांच्यावर जास्त पडतो अशा वस्त्यांसाठी, ३ अब्ज डॉलर ठेवले होते. २०२५मध्ये त्यातली करार झालेली कितीतरी अनुदानं रद्द झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा आणि अन्नपेढ्यांसाठी स्थानिक शेतमाल घेण्याचा सुमारे १ अब्ज डॉलरचा पुढचा टप्पा कृषी खात्याने थांबवला. या खरेदीच्या भरवशावर ज्यांनी हंगाम आखला होता, त्यांची काय गत झाली असेल याचा विचार कर. पर्यावरणीय न्यायाचा १९९४चा अध्यक्षीय आदेशही २०२५च्या जानेवारीत एका सहीने गेला. त्या आदेशाच्या कितीतरी आधी, १९८२ साली, नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत विषारी माती घेऊन येणाऱ्या ट्रकांपुढे लोक आडवे पडले होते. तेव्हा कुणाच्या हातात अनुदानाचं पत्र नव्हतं.

म्हणून कामाची वाटणी कर. माती तपासणं, वाफे उंच बांधून त्यात स्वच्छ माती भरणं, शीतगृह घेणं ही एकदाच करायची कामं अनुदानातून कर. पैसे थांबले तरी ती वस्तीत राहतील. शेतकऱ्याला दर आठवड्याला द्यायचा शब्द मात्र एकट्या अनुदानावर देऊ नकोस. शाळा, दवाखाना, वस्तीतली कुटुंबं असे दोन-तीन ग्राहक आधी पक्के कर आणि जेवढी खात्री तेवढीच मागणी नोंदव. शेतकऱ्यालाही हे पेरणीआधी स्पष्ट सांग.

एक गोष्ट मला खटकली. सल्लागाराला मानधन आहे, पण बैठकांना येणाऱ्या वस्तीतल्या बायकांना फक्त चहा-नाश्ता. कुठल्या गल्लीत जुना रंगाचा कारखाना होता, कुणाच्या अंगणात मुलं माती तोंडात घालतात, हे त्यांनाच ठाऊक आहे. तपासणीचे नमुने कुठून घ्यायचे ते त्याच ठरवतील. त्यांच्या तासांचे पैसे बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखव. योजनेचे नियम आडवे आले तर मला कळव, आपण तेवढ्यापुरती दुसरीकडून तजवीज करू.

दुरुस्त केलेला बजेटचा तक्ता आधी पाठव, मजकूर नंतर बघू.

तुझा,
काका