अबोल जोडप्याच्या लग्नाची फिल्म

प्रश्न : येत्या मार्गशीर्षात नाशिकमध्ये माझे लग्न आहे. आम्ही दोघेही अबोल असून कॅमेऱ्यासमोर अवघडतो. घरच्यांना मात्र द्राक्षबागेत, गाण्यांवर चित्रित केलेली सिनेमॅटिक फिल्म हवी आहे. आम्हाला साजेशी शैली कशी निवडावी?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : सिनेमॅटिक शैलीत दिग्दर्शक सांगेल तसे चालावे, वळावे, हसावे लागते आणि तीच हालचाल वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा करावी लागते. ज्यांना त्यात आनंद वाटतो, त्यांनी ती अवश्य निवडावी. तुम्ही मात्र डॉक्युमेंटरी शैलीचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते. तीत छायाचित्रकार सूचना देत नाही, घडते ते टिपतो.

या शैलीत आवाजाला फार महत्त्व असते. नवरदेवाच्या आणि गुरुजींच्या कपड्यांना छोटे माइक लावलेले असतील, तर सप्तपदीच्या वेळी तुम्ही हळूच बोललेले दोन शब्दही जपले जातील. अबोल माणसांच्या फिल्ममध्ये अशा शब्दांचे मोल मोठे असते. मंगलाष्टकांच्या वेळी वधू-वर अंतरपाटाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात, त्यामुळे अंतरपाट दूर होताच दोघांच्या चेहऱ्यांवर उमटणारे भाव एका कॅमेऱ्यात नीट येत नाहीत. तेथे दोन कॅमेरे हवेतच, कारण तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही, आणि आणू नये.

छायाचित्रकार निवडताना तीन मिनिटांच्या झलकेवर विसंबू नका. एखाद्या लग्नाची संपूर्ण फिल्म पाहा आणि तीत नवरा-नवरी सहज वागताना दिसतात का, हे बघा. प्रत्यक्ष चित्रीकरण कोण करणार, हे करारात लिहून घ्या.

घरच्यांचे मनही मोडू नये. ऑक्टोबर छाटणीनंतर मार्गशीर्षात द्राक्षबागा हिरव्यागार असतात. फवारणीचा दिवस टाळून, मालकांच्या परवानगीने, तेथे तुम्ही दोघांनी नुसते फिरावे आणि छायाचित्रकाराने दुरून टिपावे. वडीलधाऱ्यांसाठी सर्व विधींचे सलग चित्रीकरण वेगळे ठेवावे. ड्रोन हवा असेल, तर देवळालीची लष्करी छावणी आणि ओझरचा विमानतळ यांचा परिसर लक्षात घेऊन २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मंगल कार्यालयाची जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते, हे आधी तपासावे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.