मेलबर्नला शिकायला येणाऱ्या येळ्ळूरच्या मुलीला

तू विचारलंयस की जुलैत मास्टर्सला मेलबर्नला येणार, पण बाबा २००९ च्या बातम्या काढून बसलेत. रात्रीचं काम करावं का, खोली इथूनच ठरवावी का, आणि मुलीनं एकटीनं राहण्यासारखं शहर आहे का? मी आपल्या बेळगावकडच्या खानापूरची, बरीच वर्षं मेलबर्नच्या क्लेटन भागात राहते. जरा सविस्तरच सांगते.

बाबांना उगाच भित्रे ठरवू नकोस. २००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर खरंच हल्ले झाले होते आणि मेच्या शेवटी पोरांनी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर ठिय्या मारून चौक अडवला होता. पुढे ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनं पोलिसांच्या नोंदी तपासल्या. मारहाणीचं प्रमाण इतरांइतकं किंवा कमीच निघालं, लुटालुटीचं मात्र मोठ्या राज्यांत जास्त. बरीचशी लूट पेट्रोल पंप, टॅक्सी असल्या कामाच्या जागी झालेली. रात्री गल्ल्यावर एकटं कोण असायचं? आपलीच पोरं. वंशद्वेष नव्हताच असं मी म्हणणार नाही. ट्राममध्ये वाकडं बोलणारा आजही एखादा भेटतो. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, जागा बदल.

रात्रीच्या शिफ्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुकानात दुसरं माणूस असेल तर कर, एकटीला बंद करून निघायचं असेल तर नको. फलाटावर खांबाला लाल बटण असतं, दाबलं की थेट माणूस बोलतो. बहुतेक विद्यापीठांत रात्री सिक्युरिटीवाले बसस्टॉपपर्यंत सोडायला येतात, फुकट. बोलवायला लाजू नकोस. आपल्या ११२ सारखा इथला नंबर ०००.

पण खरं सांगू? माझ्या ओळखीतली जी मुलं फसली, ती अंधाऱ्या गल्लीत फसली नाहीत, फोनवर फसली. आधी खोलीचं घे. निपाणीच्या एका मुलीला जाहिरात दिसली: विद्यापीठाला लागून खोली, फोटोत पांढरीशुभ्र गादी, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी. मालकाचा मेसेज आला, ‘मी सध्या देशाबाहेर आहे, बाँड (अनामत रक्कम) आणि पहिल्या महिन्याचं भाडं पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल.’ वडिलांनी सोसायटीतून पैसे उचलून पाठवले. किल्ली कसली येते! त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं. म्हणून बेळगावात बसून खोली ठरवू नकोस. पहिले काही आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे काढ, मग पायानं फिरून हुडक. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, भाडेकराराचा बाँड मालकाच्या खिशात राहत नाही, तो आरटीबीए या सरकारी संस्थेकडे जमा करावा लागतो. रोख मागून ‘पावती नंतर देतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

दुसरा फोन येतो तो ‘पोलिसांचा’ नाहीतर ‘इमिग्रेशनचा’. तुमच्या नावावर गुन्हा आहे, व्हिसा रद्द होतोय, आत्ता पैसे भरा, कुणाला सांगू नका. डिजिटल अटकेच्या धमक्यांपायी आपल्या खानापूर तालुक्यात काय अनर्थ झाला ते तुला माहीत आहे. हा त्याचाच सख्खा भाऊ. फोन ठेवायचा, बस्स. आणि शिक्षण संपवून परतताना कुणी तुझं बँक खातं विकत मागितलं, तर थोड्या डॉलरांसाठी देऊ नकोस. त्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि गुन्हा तुझ्या नावावर लागतो.

मुलींबद्दल बाबांसमोर बोलायला अवघड वाटेल, तरी सांगते. २०२१ च्या राष्ट्रीय विद्यार्थी सुरक्षा सर्वेक्षणात विद्यापीठात आल्यापासून लैंगिक छळ झाल्याचं दर सहापैकी एका विद्यार्थ्यानं सांगितलं, आणि त्रास देणारा बऱ्याचदा त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता. म्हणजे ग्रुप प्रोजेक्टमधला, पार्टीतला, कधी आपल्याच भाषेतला. ‘आपल्याकडचा आहे’ एवढ्यावर कुणाच्या घरी राहायला जाऊ नकोस. मदतीला १८०० ७३७ ७३२ हा नंबर चोवीस तास चालू असतो. विद्यापीठानं तक्रार दाबली, तर फेब्रुवारी २०२५ पासून नॅशनल स्टुडंट ओम्बुड्समन या विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे फुकटात दाद मागता येते.

आपली पोरं तक्रार करत नाहीत ती व्हिसाच्या भीतीनं. पोलिसात गेलीस म्हणून व्हिसा जात नाही. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या मर्यादेपेक्षा, जास्त राबवून घेऊन, पगार कमी देऊन, वर ‘तुझंच नाव कळवीन’ म्हणणारे मालक आहेत, त्यात देशी पुष्कळ. अशांविरुद्ध तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांना काही अटींवर व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण देणारी तरतूद जुलै २०२४ पासून आली आहे. आधी फेअर वर्क ओम्बुड्समन या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कचेरीत विचार, मग घाबर.

आई बॅगेत मिरचीचा स्प्रे घालेल, तो काढून ठेव. व्हिक्टोरियात तो बाळगणं गुन्हा आहे. कुंदाही घालू देऊ नकोस, दुधाची मिठाई इथं आणू देत नाहीत. बाकी खाण्याचे पदार्थ असतील ते विमानतळाच्या फॉर्मवर नोंदव.

आणि कन्नड येतं ते लपवू नकोस हं! इथं हुबळी-धारवाडची पोरं पुष्कळ आहेत. घर बदलताना सामान उचलायला तीच आधी येतात, सीमाप्रश्नावर नंतर भांडतात. बाबांना काही विचारायचं असेल तर रविवारी तिकडच्या साडेनऊला फोन करू देत. जुलैत इथं तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, मी घरीच असते.