वाचक विचारतात : सारंगी, सतार, सूरबहार आणि व्हायोलिन

तंतुवादकांच्या चरित्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : पंडित रामनारायण यांच्या निधनानंतर आलेल्या बहुतेक लेखांत, स्वतंत्र सारंगीवादन त्यांनीच सुरू केले असे म्हटले होते. त्यांच्यापूर्वी एकट्याने सारंगी कोणीच वाजवत नव्हते का? आणि साथीदार म्हणून नाव झालेले असताना त्यांना साथ सोडावीशी का वाटली? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘वाजवत होते’ असेच द्यावे लागेल. इंदूर दरबारात आणि पुढे दिल्ली आकाशवाणीवर वाजवणारे उस्ताद बुंदू खाँ हे रामनारायण यांच्या आधीच्या पिढीतील थोर सारंगिये होते आणि ते स्वतंत्र वादनही करत असत. मात्र स्वतंत्र सारंगीवादन हाच ज्याचा व्यवसाय आहे, ज्याच्या नावावर तिकिटे विकली जातात आणि जो परदेशांत केवळ सारंगी घेऊन मैफली करतो, असा कलावंत रामनारायण यांच्यापूर्वी झाला नव्हता, एवढाच त्या विधानाचा खरा अर्थ घ्यावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागते. रामनारायण यांचा जन्म २५ डिसेंबर १९२७ रोजी उदयपूरजवळ झाला. सारंगीला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. हे वाद्य तवायफांच्या कोठ्यांशी जोडले गेले होते आणि सभ्य घरांत त्याचे नाव निघाले तरी नाके मुरडली जात. शिवाय वाद्य म्हणूनही ते कमालीचे कठीण आहे. अखंड लाकडातून कोरलेले शरीर, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, आतड्याच्या तीन मुख्य तारा आणि त्यांच्याखाली पस्तीसच्या वर तरफा (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा) अशी तिची रचना असते. त्या मुख्य तारा बोटांच्या पेरांनी दाबायच्या नसून डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी असलेली कातडी तारेला बाजूने भिडवून स्वर काढायचा असतो. वर्षानुवर्षांच्या रियाझाने त्या जागी घट्टे पडतात आणि नखांवर खाचा उमटतात. १९४४ मध्ये हा तरुण लाहोरच्या आकाशवाणी केंद्रावर गेला तो गायक म्हणून चाचणी देण्यासाठी. परंतु तेथील संगीत निर्माते जीवनलाल मट्टू यांचे लक्ष त्याच्या नखांवरील खाचांकडे गेले आणि त्यांनी त्याला सारंगीवादक म्हणून नोकरीत घेतले. लाहोरमध्येच किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम त्यांना मिळाली. पुढील काळातील त्यांचा धीमा, एकेका स्वरावर रेंगाळणारा आलाप ऐकताना या तालमीची आठवण ठेवावी.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर (हार्मोनियमवर) बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत कमीअधिक प्रमाणात टिकली. मैफलींतून पेटीने सारंगीला हुसकावून लावले असताना, या बंदीमुळेच देशभरातील सारंगियांना नोकऱ्यांचा आधार मिळाला. पेटीवर अन्याय झाला हे खरेच; पण ती बंदी नसती, तर सारंगीची एक अख्खी पिढी रेडिओच्या दारातून आत गेलीच नसती, असे आमचे मत आहे.

फाळणीनंतर रामनारायण दिल्ली केंद्रावर आले. तेथे त्यांची साथ गाजली आणि तक्रारीही सुरू झाल्या, कारण गायकाच्या मागे नम्रपणे चालण्याऐवजी हा साथीदार गायकाला पुढची जागा सुचवतो, प्रसंगी त्याच्यावर मात करतो, असे काहींना वाटू लागले. साथीदाराने गायकाची सावली व्हावे ही अपेक्षा आणि स्वतःच्या मनात उमटणारा राग यांत त्यांची घुसमट झाली. १९४९ मध्ये ते मुंबईला आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. त्या कामाने घर चालले, शिवाय सारंगीचा स्वर लाखो घरांत पोहोचला. १९५४ मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहातील एका संगीत महोत्सवात त्यांनी एकट्याने सारंगी वाजवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नामांकित कलावंतांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी आरडाओरडा करून त्यांना उठवले. अशा प्रसंगानंतर पुन्हा वाद्य घेऊन मंचावर बसणे फारच थोड्यांना जमले असते. दोनच वर्षांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला, आणि यथावकाश त्यांनी साथ करणे कायमचे थांबवले. १९६४ मध्ये त्यांनी मोठे बंधू, तबलावादक चतुरलाल यांच्यासह परदेश दौरा केला. चतुरलाल पुढच्याच वर्षी गेले. २००५ मध्ये रामनारायण यांना पद्मविभूषण मिळाले आणि ९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अरुणा नारायण सारंगी वाजवतात. पुत्र ब्रिजनारायण सरोदवादक आहेत.

प्रश्न : उस्ताद विलायत खाँ यांच्या सतारीत पंडित रविशंकर यांच्या सतारीपेक्षा तारा कमी होत्या असे ऐकले. तारा कमी करून वाद्य समृद्ध कसे होईल? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सतारी बनवणाऱ्या मिरजेहून आलेल्या पत्राला सतारीची रचना समजावून सांगणे म्हणजे धाडसच आहे, तरी प्रयत्न करतो. रविशंकर यांच्या सतारीत खर्जाच्या (अगदी खालच्या स्वरांच्या) जाड तारा होत्या आणि त्यामुळे त्यांचा आलाप बीन किंवा सूरबहार (सतारीसारखेच पण मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) यांच्याप्रमाणे अतिमंद्र सप्तकात उतरू शके. विलायत खाँ यांनी त्या जाड तारा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी रागानुसार बहुधा गांधारात मिळवलेली पोलादी तार बसवली. त्यामुळे मंद्रातील खोली कमी झाली. परंतु बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेवरील स्वर सुटा आणि स्वच्छ ऐकू येऊ लागला, आणि छेडलेल्या तारांतून रागाचा स्वरमेळ मागे सतत भरून राहू लागला. एकाच पडद्यावर तार खेचून चार-पाच स्वरांपर्यंत जाणारी त्यांची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) आणि तिचा लांबणारा नाद यांना हीच रचना मानवणारी होती.

या निवडीचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. आजोबा इमदाद खाँ आणि वडील इनायत खाँ हे दोघेही सतार व सूरबहार यांचे नामवंत वादक होते. परंतु १९३८ मध्ये वडील वारले तेव्हा विलायत खाँ अवघे दहा वर्षांचे होते. पुढील तालीम त्यांना मुख्यतः आजोळी मिळाली, आणि आजोळ गायकांचे होते. त्यांना स्वतःला गायक व्हायचे होते, पण सतारियांच्या घराण्याचा वारसा सोडू नये असा आईने आग्रह धरला, असे सांगितले जाते. गळ्याची ती ओढ त्यांनी सतारीत उतरवली. मैफलीत ते मधूनच बंदिशीची ओळ गाऊन दाखवत आणि लगेच तीच ओळ तारेवर काढत. स्वभाव मानी होता. पद्मश्री, पद्मभूषण आणि २००० साली पद्मविभूषण हे तिन्ही सन्मान त्यांनी नाकारले. दोन सतारियांत श्रेष्ठ कोण, हा वाद मात्र आपण पत्रात पुढे नेला आहे, त्यात आम्ही पडत नाही.

प्रश्न : अन्नपूर्णादेवींनी पतीसाठी वादन सोडले, हे खरे का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या या कन्येविषयी लोक वाद्यापेक्षा संसाराची चर्चा अधिक करतात, याचे आम्हाला वाईट वाटते. निश्चित माहिती एवढीच की मैहर येथे वडिलांकडे त्यांची सतारीची आणि नंतर सूरबहारची तालीम झाली, १९४१ मध्ये रविशंकर यांच्याशी विवाह झाला, दोघांनी काही जाहीर कार्यक्रम एकत्र केले आणि पन्नासच्या दशकानंतर त्या मंचावर आल्या नाहीत. दोन माणसांमध्ये काय घडले याच्या कथा अनेकांनी अनेक प्रकारे सांगितल्या आहेत आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे एकीवर शिक्कामोर्तब करणे योग्य होणार नाही.

त्यांचे सांगीतिक आयुष्य मात्र तेथे संपले नाही. मुंबईतील घरात, दार जवळजवळ बंद ठेवून, त्यांनी अनेक दशके शिकवले. सतारवादक निखिल बॅनर्जी, बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर हे त्यांचे शिष्य. बासरीवादकाला तंतुवाद्याच्या अंगाने आलाप-जोड (तबल्याविना होणारा रागाचा विस्तार) शिकवणाऱ्या या गुरूंचा अधिकार केवळ एका वाद्यापुरता नव्हता, हे यातून दिसते. त्यांच्या स्वतःच्या वादनाची ध्वनिमुद्रणे अत्यल्प आहेत. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रश्न : माझी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकते. तिला हिंदुस्थानी संगीताकडे वळायचे असेल तर बैठक बदलावी लागेल का? महाराष्ट्रातील कोणाचे वादन तिने ऐकावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बदलावी लागेल, आणि त्याला कारण आहे. खांद्यावर धरलेल्या व्हायोलिनला डाव्या हाताचाही थोडा आधार द्यावा लागतो. आपल्याकडे मांडी घालून बसून वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतात, त्यामुळे डावा हात मोकळा होऊन तारेवर लांब मींड घेऊ शकतो. तारा मिळवण्याची पद्धतही वेगळी आहे. त्या षड्ज-पंचमात मिळवल्या जातात. आधी शिकलेले गजावरचे (तारांवर फिरवायच्या ‘बो’वरचे) नियंत्रण वाया जात नाही, म्हणून मुलीला धीर द्यावा.

ऐकण्यासाठी सुरुवात गजाननराव जोशी यांच्यापासून करावी. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेले हे कलावंत गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मोठे होते, आणि उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर यांच्यासारखे गायक त्यांच्याकडे शिकले. त्यानंतर डी. के. दातार यांचे शांत, गायकी अंगाचे वादन ऐकावे. व्हायोलिनवादक एन. राजम महाराष्ट्रातील नव्हेत, तरी गायक ओंकारनाथ ठाकुरांच्या गायकीची तालीम घेतलेल्या या विदुषींना वगळून ही यादी पूर्ण होत नाही. वाई येथे १९२२ मध्ये जन्मलेले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग लखनौला संगीतज्ञ रातंजनकरांकडे शिकले आणि आयुष्याचा मोठा काळ कोलकात्यात राहिले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या सहज उपलब्ध आहेत. मुलीने प्रथम केवळ गजाकडे लक्ष देऊन त्या ऐकाव्यात, कारण श्वासावर चालणाऱ्या वाद्यासमोर स्वर खंडित न होऊ देता गज परतवणे ही जोगांची खासियत होती.